पाटीवरचे एकवीस दिवस

८ फेब्रुवारी २०२५, शनिवार. बुलढाणा.

आजपासून एकवीस दिवस मी गप्प आहे. हे वाक्य माझ्याबद्दल आजवर कोणी लिहिलेलं नाही. माझ्या शत्रूंनीही नाही.

बुधवारी शेगावला व्याख्यान होतं. विषय नेहमीचा, 'का विचारा'. नवसाच्या मुद्द्यावर आलो, हात वर केला, "मी तुम्हाला विचारतो" एवढं म्हणालो आणि पुढे घशातून नुसती हवा. समोरच्या रांगेतल्या एका बाईने डोळे मिटून हात जोडले. आता जिल्हाभर काय पसरलं असेल ते सांगायला नको. नवसाविरुद्ध बोलला, तोंड मिटलं. तीस वर्षं मी या लोकांना कार्यकारणभाव शिकवतो आहे, आणि तो त्यांना दिसला तो असा.

खरं कारण डॉक्टर धम्मशीलाने नळी घालून पाहिलं. आठवीत माझी विद्यार्थिनी होती, आता नाक-कान-घसा पाहते. स्वरतंतूंवर सूज, आणि एक बारीक गाठ. "सर, एकवीस दिवस एक शब्द नाही. कुजबूजसुद्धा नाही, तिनं जास्त ताण पडतो. गाठ विरली तर उत्तम. नाहीतर कापावी लागेल, आणि मग पहिल्यासारखा आवाज येईलच असं मी सांगू शकत नाही."

मी कागदावर लिहिलं, २७ तारखेला मराठी भाषा दिनाचं भाषण आहे.

"यंदा दुसऱ्या कोणाला तरी बोलू द्या, सर," ती म्हणाली. म्हणताना हसली का, ते नीट आठवत नाही.

घरी आल्यावर कौशल्येने माळ्यावरून पाटी काढून दिली. दगडी, लाकडी चौकटीची. आमच्या मुलीची, संजीवनीची, लहानपणची. "यावर लिहीत जा. कागद किती नासणार," म्हणाली, आणि पाटी पुसून कोरडी केली. बायको चार वाक्यं सलग बोलली तर मला आश्चर्य वाटतं. आज सहा झाली.

१० फेब्रुवारी

कय्यूम आला. देऊळघाटच्या शाळेत आम्ही एका बाकावर होतो. आता तो इथल्या वाचनालयाचा ग्रंथपाल आहे, आणि या शहरात मला अरे-तुरे करणारा शेवटचा माणूस.

"काय बे महादू, बोलून नाई राह्यला? लेका, हा दिवस पाहाले भेटन असं वाटलं नव्हतं मले."

पुढचे दोन तास तो एकटा बोलला. पन्नास वर्षांचं साठलेलं होतं म्हणे. मी पाटीवर उत्तर लिहीपर्यंत तो तिसऱ्या विषयावर गेलेला असायचा. पाटी हे लोकशाहीचं साधन नाही.

जाताना तीन पुस्तकं ठेवली. "भाषन नाई त नाई. पन या पुस्तकाईवर परीक्षन लिहून दे. २७ले मी वाचून दाखवतो. तिन्ही पुस्तकं जिल्ह्यातल्याच लोकाईचे हायेत, लिहिनारे समोर बसतीन."

मी लिहिलं: मी कोणाची गय करत नाही.

"माहीत हाय बापा. म्हनून त तुह्याजवळ आलो."

संध्याकाळी संजीवनीचा फोन. सुलतानपूरला जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहे. दोन तासांचा रस्ता, पण येते दिवाळीलाच. कौशल्येशी पाऊण तास बोलली. माझ्यासाठी निरोप होता, गरम पाणी प्या. मुलगी मितभाषी आहे. माझ्यावर गेली नाही.

१३ फेब्रुवारी

पहिलं पुस्तक, 'मौनाचे सात मजले'. लेखक वीज मंडळातून निवृत्त होऊन स्वामी झालेले. मौनावर तीनशे चाळीस पानं. मौन पाळणाऱ्याने एवढं बोलायचं ठरवलं तर बोलणाऱ्याने काय करावं? 'ऊर्जा' हा शब्द दर पानावर. इतकी ऊर्जा मंडळाकडे असती तर आमचं भारनियमन कधीच बंद झालं असतं. पहिल्या मजल्यावर जीभ शांत होते, दुसऱ्यावर मन, चौथ्यावर सूक्ष्म देह. मी पाच दिवस पूर्ण मौनात आहे. पहिल्या मजल्यावर फक्त भूक लागते.

एक वाक्य तेवढं बरं आहे. "जो ऐकत नाही त्याचं मौन म्हणजे नुसतं बंद तोंड." स्वामींनी ते चुकून लिहिलं असावं. टिपून ठेवलं. पुढेमागे बुवाबाजीविरुद्ध वापरता येईल.

१५ फेब्रुवारी

आज कौशल्या म्हणाली, "मले बाजारातून यायले उशीर होईन."

मी चमकलो. चाळीस वर्षांपूर्वी ती मेहकरहून आली तेव्हा तिच्या तोंडी हीच भाषा होती, आणि दोन वर्षांत ती मी सुधारली. आमचं घर हे या गल्लीतलं पहिलं शुद्ध बोलणारं घर. आता माझं तोंड बंद होऊन आठवडा होतो न होतो तोच 'मले'. मी पाटीवर 'मला' लिहून वर केलं. ती पिशवी घेऊन केव्हाच गेली होती.

मीही देऊळघाटचाच. पुण्याच्या वक्तृत्व स्पर्धेत परीक्षकांनी मला वेळ संपल्याचं सांगितलं तेव्हा मी 'का?' न म्हणता "काऊन?" असं विचारलं होतं. सगळं सभागृह हसलं. एकवीस वर्षांचा होतो. तो शब्द मी त्या दिवशी अंगातून उपटला, मुळासकट. पुढच्या वर्षी त्याच सभागृहात पहिला आलो. भाषा माणसाला वर नेते, हे मला पुस्तकातून शिकावं लागलं नाही.

१७ फेब्रुवारी

दुसरं पुस्तक, 'कानाच्या आत'. खामगावच्या एका प्राध्यापकाने लिहिलं आहे. शेवटी एकदाचं विज्ञान. भाषा स्वच्छ, आकृत्या नेमक्या. तीन दिवसांचं काम होतं, एका बैठकीत संपवलं.

त्यातली एक माहिती मला फार आवडली. माणूस बोलायला लागतो त्याच्या किंचित आधी कानातला एक इवलासा स्नायू आवळला जातो आणि ऐकू येणं कमी होतं. स्वतःच्याच आवाजाने कान बधिर होऊ नये म्हणून. म्हणजे बोलणारा माणूस त्या वेळेपुरता थोडा बहिरा असतो. निसर्गाची सोय पाहा. वक्त्याने सभेतल्या कुजबुजीकडे लक्ष देऊ नये, हे मी प्रशिक्षण वर्गात सांगतो ते शास्त्रीय निघालं. परीक्षणात हे ठळक घालायचं.

१९ फेब्रुवारी

शिवजयंती. या दिवशी दरवर्षी माझी तीन भाषणं असतात. आज गॅलरीत बसून दुसऱ्याचं ऐकलं. सात चुका, त्यातल्या दोन व्याकरणाच्या. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

२० फेब्रुवारी

तिसरं पुस्तक ही कादंबरी आहे. 'पाटीपुसणं'. कौटुंबिक. पाटी पुसायच्या ओल्या फडक्याचं नाव कादंबरीला देणं ही आजची फॅशन. लेखिका रेणुका सुलतानपूरकर. टोपणनाव दिसतं, पण आडनावावरून सुलतानपूरकडची असावी. संजीवनीला विचारायला हवं, ओळखत असेल.

साठ पानं वाचली. बाप कीर्तनकार. अपेक्षितच. असल्या घरांत असल्याच गोष्टी घडतात. हा महाराज तालुकाभर फिरून सांगतो, प्रश्न विचारा, देवालाही विचारा, पंढरीच्या राजाला जाब विचारा. घरी मुलगी विचारते, "बाबा, आजी काऊन रडते?" महाराज म्हणतात, "काऊन नाही, का." मग तिला पाटीवर 'का' दहा वेळा लिहायला लावतात. दहा 'का' होईपर्यंत आजीचं रडणं संपलेलं असतं आणि महाराज पुढच्या कीर्तनाला निघालेले असतात.

विनोदी आहे. लेखिकेला ते कळलेलं दिसत नाही. तिने गंभीरपणे लिहिलं आहे.

कौशल्या दोनदा येऊन विचारून गेली, "कुठपर्यंत आलं?" पुस्तकात तिला रस वाटतो हे नवीनच. पाटीवर लिहिलं: तुझ्यासारख्या बायकांना आवडेल. तिने ते वाचलं. मग म्हणाली, "हाव." 'हो' असं लिहायला मी पाटी पुसली, पण राहू दिलं.

२२ फेब्रुवारी

कादंबरी संपली. परीक्षणही लिहून झालं. 'मौनाचे सात मजले'ला अर्धं पान, 'कानाच्या आत'ला एक, आणि कादंबरीला अडीच, कारण चुकीचं पुस्तक नीट मोडलं नाही तर ते वाढतं.

आक्षेप तीन. पहिला भाषेचा. संवाद सगळे वऱ्हाडीत, आणि निवेदनातही तीन ठिकाणी 'मले' घुसलं आहे. मुद्रितशोधकाला नोकरीवरून काढावं. दुसरा, आई हे पात्र अपुरं राहिलं आहे. दोनशे पानांत तिच्या तोंडी एकही पूर्ण वाक्य नाही. लेखिकेला आई रंगवायची नव्हती तर घ्यायची नव्हती. तिसरा आणि मुख्य आक्षेप बापाचा. त्यावर मी जे लिहिलं ते मला स्वतःलाच आवडलं, म्हणून इथे उतरवतो:

"असा बाप अस्तित्वात असू शकत नाही. जो माणूस हजारो लोकांना प्रश्न विचारायला शिकवतो, त्याला आपल्या घरात वीस वर्षं कोणी एकही प्रश्न विचारलेला नाही, हे कळत नाही? इतका मठ्ठ माणूस कीर्तनकारांतही सापडणार नाही. लेखिकेने कागदावर बाप उभा केलेला नाही, बुजगावणं उभं केलं आहे."

शेवटही भडक. दहा वर्षांची मुलगी शेवटचं 'का' लिहून झाल्यावर कंपासपेटीतलं कर्कटक घेते आणि पाटीच्या चौकटीला मागून 'काऊन' कोरते. त्यानंतर ती घरात 'काऊन'ही विचारत नाही आणि 'का'ही विचारत नाही. प्रतीकांचा सोस.

वाचताना मध्येच वाटून गेलं की आमच्याकडेही पाटी होती आणि तिच्यावरही दुरुस्त्या लिहिल्या जात. पण फरक आहे. आमची पाटी शिक्षणासाठी होती, महाराजांची जुलमासाठी.

कय्यूम येऊन लेख घेऊन गेला. उभ्यानेच वाचला. "एकदम कडक हाय बे. एक अक्षर बदलवत नाई मी," म्हणाला. गेटपाशी थांबून परत माझ्याकडे पाहिलं. "खरंच वाचू?" मी पाटीवर मोठ्या अक्षरात 'हो' लिहिलं.

२४ फेब्रुवारी

सकाळी पाटी धुवायला नळाखाली धरली. चौकटीला मागून काही खरबरीत लागलं. पुसून उजेडात धरली.

काऊन.

'ऊ' उलटा काढला आहे. संजीवनी दहा वर्षांची होईपर्यंत 'ऊ' तसाच काढायची. तोही मी सुधारला होता.

२४ फेब्रुवारी, दुपार

पुरावा तपासून पाहिला. घाईने निष्कर्ष काढणं मला शोभत नाही. सुलतानपूरकर. कादंबरीतली आजी रडते ते पान ५८. माझी आई आमच्याकडे राहायला आली तेव्हा मी तिची भाषा पाहुण्यांसमोर सुधारायचो आणि ती मोरीत जाऊन तोंड धुवायची, हे आमच्या घराबाहेर कोणाला माहीत नाही. मी कीर्तनकार नाही, हा एकच मुद्दा माझ्या बाजूने आहे.

कौशल्या भाकरी थापत होती. मी पाटी उलटी करून तिच्यासमोर धरली. तिने पाहिलं. "मले वाटलं, तुम्ही पहिल्याच दिवशी..." म्हणाली आणि तवा उतरवायला वळली. मी वाट पाहिली. वाक्य तिथेच संपलं होतं. आईचं पात्र अपुरं राहिलं आहे, असं मी लिहिलं आहे.

२५ फेब्रुवारी

वाचनालयात चालत गेलो. टेबलावर पाटी ठेवली: लेख परत दे.

कय्यूमने चष्मा काढला. "कोनता लेख?"

नाटक नको, असं लिहिलं.

"महादू, साऱ्या बुलढाण्याले माहीत हाय ते पुस्तक कोनाचं हाय. भाजीवालीले माहीत हाय. मले वाटलं तू पाचव्या पानावर ओयखशीन, अन् रडशीन, अन् मंग काई चांगलं लिहिशीन. म्हनून त तुह्याकडं देल्लं मी. तू त पोट्टीच्या मुद्रितशोधकाले कामावरून काढाले निंगाला."

मी पुन्हा 'लेख' या शब्दावर बोट ठेवलं.

"आता नाई जमत. मी त्याचा फोटो काढून तिघाईले पाठवला, आपली पद्धतच हाय तशी. स्वामीजींनं आशीर्वाद देल्ला. प्राध्यापक खूश हाय. अन् तुह्या पोरीनं काय लिहिलं ते पाह्य." त्याने फोन समोर धरला. कय्यूम काका, पूर्ण वाचा. एक शब्द गाळू नका. खाली तिचं नाव. खरं नाव.

मी विचारलं, म्हणजे लिहिलं: रागावली आहे का?

"मले काऊन विचारतं? तिले विचार."

एवढं सोपं असतं तर तिने दोनशे पानं कशाला लिहिली असती, हे मी लिहिणार होतो. पाटी भरली होती.

२६ फेब्रुवारी

महाशिवरात्र. ज्या देवाचं नाव आईने मला दिलं आणि ज्याच्याविरुद्ध मी आयुष्यभर बोललो त्याचा दिवस. कौशल्येने साबुदाण्याची उसळ केली. मी दोनदा घेतली. बाकी काही नोंदण्यासारखं नाही. उद्या घसा दुखतो असं सांगून घरी राहावं का, यावर दिवसभर विचार केला. घसा दुखत नाही.

२७ फेब्रुवारी, मराठी भाषा गौरव दिन

गेलो.

सभागृह भरलेलं. मी पहिल्या रांगेत, मांडीवर पाटी. माझ्या मागे तिसऱ्या रांगेत कौशल्या आणि तिच्याशेजारी संजीवनी, दुपारच्या बसने आलेली. तिने मला पाहून मान हलवली. मीही हलवली.

कय्यूमने लेख वाचला. स्वामींवरच्या विनोदांना लोक हसले, स्वामीही हसले. कानावरचा मजकूर लोकांनी शांतपणे ऐकला. "बोलणारा माणूस त्या वेळेपुरता थोडा बहिरा असतो," हे वाक्य आलं तेव्हा कय्यूम उगाच थांबला आणि पाणी प्यायला. मागून कोणीतरी खोकलं.

मग कादंबरी. आमच्याकडेही पाटी होती हे मी डायरीत लिहिलं होतं, लेखात नाही, एवढंच समाधान. मुद्रितशोधकाला नोकरीवरून काढा, तेव्हा पहिलं हसू. आईच्या तोंडी एकही पूर्ण वाक्य नाही, तेव्हा बायकांच्या बाजूने एक वेगळाच आवाज आला, हसण्यासारखा पण हसणं नव्हे. आणि "असा बाप अस्तित्वात असू शकत नाही" हे वाक्य कय्यूमने असं वाचलं की मी स्वतः वाचलं असतं तरी इतकं रंगलं नसतं. सभागृह फुटलं. डॉक्टर धम्मशीला रुमाल तोंडाला लावून बसली होती. "इतका मठ्ठ माणूस कीर्तनकारांतही सापडणार नाही," याला टाळ्या पडल्या. माझ्या वाक्याला पडलेल्या सर्वांत मोठ्या टाळ्या. तीस वर्षांत शेगाव, मलकापूर, चिखली, कुठेही पडल्या नव्हत्या.

पुण्यातल्या त्या सभागृहानंतर एवढ्या माणसांना माझ्यावर हसताना मी पाहिलं नव्हतं. तेव्हा मी निदान तोंडाने काही म्हणू शकत होतो.

मग लेखिकेला बोलावलं. संजीवनीला माईकसमोर मी पहिल्यांदा पाहिलं. माईक तिने बोटाने खाली केला, मी करतो तसा.

"परीक्षकाईनं म्हटलं, असा बाप असू शकत नाई. मी लिहून राह्यली होती तवा मलेबी हीच चिंता होती, का हे कोनाले पटन का नाई. म्हनून मंग मी त्याले कीर्तनकार केलं. तवा पटलं." लोक हसले. ती हसली नाही. "आईचं एकबी वाक्य पुरं नाई, हे त्याईनं बरोबर पकडलं. आजवर कोनी पकडलं नव्हतं. त्याच्यासाठी मी त्याईची आभारी हाय. अन् तीन ठिकानी 'मले' आलं म्हनतात. ते पाच ठिकानी हाय. दोन त्याईच्या नजरेतून सुटले. दुसऱ्या आवृत्तीत पाचही तसेच राहतीन."

एवढंच. तीन मिनिटंही नाही. एम.ए.ला विद्यापीठात दुसरी आलेली मुलगी, शुद्ध बोलू शकते, आणि मराठी भाषा दिनाला हे बोलली. माझा हात खडूकडे गेला. मग लक्षात आलं की मी तिचं प्रत्येक वाक्य ऐकलं आहे. कानातला तो स्नायू वीस दिवस रिकामा बसला आहे.

१ मार्च, शनिवार

संजीवनीने शाळेतून रजा टाकली. का ते मला सांगितलं नाही, आईला सांगितलं. डॉक्टरकडे तीच घेऊन गेली. रिक्षात आम्ही दोघं गप्प. मला कारण होतं.

धम्मशीलाने नळी घातली. "गाठ बरीच विरली आहे, सर. कापायची गरज दिसत नाही. पण एकदम सुरू करायचं नाही. आज एक शब्द. छोटा, सावकाश. उद्या दोन. म्हणा काहीतरी."

एकवीस दिवस मी पहिला शब्द शोधत होतो. आठ तारखेला 'सत्य' ठरवलं होतं, मधल्या काळात 'विवेक'. मी पाटीवर लिहिलं: घरी म्हणतो.

"सर, तुम्ही शब्द जपून ठेवताय?" ती म्हणाली. या वेळी हसली. मी पाहिलं.

घरी मायलेकी ओसरीत सोले सोलत बसल्या, हिरव्या हरभऱ्याचे. फोनवर जी भाषा पाऊण पाऊण तास चालते ती चालू होती, भरभर, खिदळत. मी दारात उभा राहिलो तशी थांबली. ही शांतता मला ओळखीची आहे. मी घरात आलो की ती असते. आजवर मी तिला शिस्त समजत होतो.

पाटी मागच्या बाजूने वर धरली. संजीवनीने ती पाहिली, मग माझ्याकडे. मग मी म्हणालो,

"काऊन?"

आवाज माझा नव्हता. विहिरीचा रहाट फिरतो तसं काहीतरी. पण 'ऊ' नीट उतरला. आईच्या तोंडी असायचा तसा.

कौशल्येचा हात सोल्यांत थांबला.

"काऊन काय, बाबा?" संजीवनी म्हणाली. "काऊन लिहिलं? का काऊन विचारनं सोडलं?"

मला सांगता येण्यासारखं बरंच होतं. दिवसाचा शब्द संपला होता. खडू आत टेबलावर राहिला होता, आणि आणायला मी गेलो नाही. खाली बसलो आणि एक घाटा सोलायला घेतला.

ती थोडा वेळ वाट पाहत राहिली. दुरुस्तीची असेल. मग तिने सांगायला सुरुवात केली, आजी रडायची तिथपासून. मध्ये कौशल्येने दोन गोष्टी सांगितल्या. दोन्ही वाक्यं पूर्ण होती. ती इथे उतरवणार नाही, माझ्याबद्दल आहेत. टोपलीतले सोले संपले तरी उत्तर संपलं नव्हतं. ती सोमवारच्या पहिल्या बसने जाणार आहे.

उद्या दोन शब्दांची परवानगी आहे. आजचा एक अजून पुरतो आहे.